हात जुन्याच बटणावर जातो

गेल्या वर्षी दिवाळीआधी घरात रंगकाम काढलं. पसारा झालाच आहे तर वायरिंगही उरकून घेऊ म्हणून बाथरूमच्या दिव्याचं बटण दाराच्या डावीकडून उजवीकडे आणलं. दार उघडलं की जुनं बटण त्याच्यामागे झाकलं जायचं, वर्षानुवर्षांची कटकट होती ती. नवी जागा मीच खडूने खूण करून इलेक्ट्रिशियनला दाखवली. म्हणजे बदल काय केला, कुठे केला, का केला, सगळं ठाऊक होतं आणि बदल हवाही होता. तरी पुढचे दोन महिने माझा हात डाव्या भिंतीवरच जात राहिला. बटण नाही हे कळलं की हवेत क्षणभर घुटमळायचा आणि मग उजवीकडे यायचा. माझा एकटीचा नाही, घरातल्या चौघांचा. संक्रांतीपर्यंत त्या कोऱ्या रंगावर, बरोबर खांद्याच्या उंचीला, बोटांचा एक मळकट डाग उमटला होता.

सवयी बदलण्याबद्दल आपल्याला सहसा जे ऐकवलं जातं, ते या डागापुढे जरा लटकं वाटतं. मनापासून ठरवलं की होतं, म्हणतात. इथे मनाची काही अडचणच नव्हती. आळस नव्हता, मोह नव्हता, घरात मतभेद नव्हते. फक्त हाताला कुणी कळवलं नव्हतं.

मराठीला ही गोष्ट आधीपासून माहीत असावी. आपण म्हणतो एखादी गोष्ट 'अंगवळणी पडली'. वळण अंगाला पडतं. इस्त्रीची घडी मोडून कापड कितीही पसरा, उचललं की ते पुन्हा त्याच रेषेवर दुमडतं. सवय म्हणजे तशी घडी. ती कशी पडते आणि कशी मोडते, यावर मानसशास्त्रात आणि मेंदूविज्ञानात बरंच काम झालेलं आहे. ते समजून घेतलं तर 'मी अशीच, माझ्यात दमच नाही' हे स्वतःला बोल लावणं बरंच कमी होतं. माझं झालं.

मेंदू गाठोडं बांधतो

पहिल्यांदा स्कूटर शिकताना आठवा. क्लच, गिअर, आरसा, समोरून येणारी रिक्षा, सगळं एकाच वेळी अंगावर येतं. घरी पोचेपर्यंत डोकं शिणून जातं. सहा महिन्यांनी तीच माणसं वाटेत भाजीचा हिशेब करत, गुणगुणत घरी येतात आणि मधला सिग्नल लाल होता की हिरवा, हेही त्यांना सांगता येत नाही.

हा बदल डोक्यात प्रत्यक्ष दिसतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना टी अक्षराच्या आकाराच्या बोळात सोडत. एक आवाज झाला की धावायचं, खूण ऐकून डावीकडे किंवा उजवीकडे वळायचं, टोकाला खाऊ. मेंदूच्या खोल भागात 'बेसल गँग्लिया' नावाचे पेशींचे पुंजके आहेत, तिथल्या हालचालीची नोंद घेतली जात होती. उंदीर नवखा असताना या पेशी सगळ्या वाटभर कामात असत. बोळ पाठ झाल्यावर मात्र चित्र पालटलं. धावायला सुरुवात करताना एकदा उसळी, पोचल्यावर एकदा उसळी आणि मधे बरीच शांतता. १९९९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

थोडक्यात, मेंदूने त्या सगळ्या हालचालींचं गाठोडं बांधलं. सुरुवातीला एक गाठ, शेवटी एक गाठ. आत काय आहे ते दर वेळी उघडून बघायचं नाही. सकाळचा चहा असाच होतो. पातेलं, पाणी, आलं, साखर, पावडर यातली एकही पायरी आपण वेगळी ठरवत नाही; ओट्यापाशी उभं राहिलं की पुढचं होत जातं.

यातून कामाची एक गोष्ट निघते. गाठोडं एकदा उचललं की मधे थांबणं अवघड. फरसाणाचा डबा उघडल्यावर 'दोनच घास' हा निश्चय टिकत नाही तो याचमुळे. हात घालायची जागा म्हणजे पहिली गाठ, डबा दिसतो तो क्षण.

खाऊचा विषय निघालाच आहे तर डोपामिनबद्दलही. त्याला सर्रास 'आनंदाचं रसायन' म्हणतात आणि ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की फळांचा रस अनपेक्षित मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात पेटतात. पण रसाआधी दर वेळी दिवा लागतो हे माकडाला कळलं, की पेशी दिव्यालाच पेटतात. रस मिळाल्यावर विशेष काही होत नाही. दिवा लागून रस आलाच नाही, तर पेशी नेहमीपेक्षाही गप्प होतात. म्हणजे तृप्तीपेक्षा अंदाजाशी या रसायनाचा संबंध जास्त. मोबाइलचा 'टिंग' आवाज आला की छातीत जे बारीकसं हलतं, ते निरोपासाठी नसतं. निरोप बहुतेक वेळा सोसायटीच्या ग्रुपवरचं 'शुभ सकाळ' असतं, हे आपल्याला चांगलं माहीत असतं. तरी हात जातो.

शिळे पॉपकॉर्न

मला या सगळ्या संशोधनात सगळ्यात आवडलेला प्रयोग पॉपकॉर्नचा आहे.

वेंडी वुड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांचा तो, २०११ सालचा. सिनेमा बघायला आलेल्या लोकांना फुकट पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे, वातड. नंतर कुणी किती खाल्ले ते मोजलं. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची फारशी सवय नव्हती, त्यांनी शिळे बाजूला ठेवले. ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी शिळे आणि ताजे जवळजवळ सारखेच संपवले. चव आवडली म्हणून नव्हे. विचारल्यावर तेही सांगत होते की हे काही बरे नाहीत.

मग दोन बदल केले. सवयीच्याच माणसांना सभेच्या साध्या खोलीत बसवून गाण्यांचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा शिळ्याकडे त्यांनी पाठ फिरवली. दुसऱ्या वेळी चित्रपटगृह तेच ठेवलं, पण खायचं ते नेहमीच्या हाताने नाही, दुसऱ्या हाताने, असं सांगितलं. तेवढ्याने गाठोडं सुटलं. घास तोंडाशी नेताना लक्ष द्यावं लागलं आणि लक्ष दिल्यावर जिभेला कळलं की हे शिळं आहे.

यात कुणाचाही निश्चय वाढवला नव्हता. आरोग्यावर भाषण दिलं नव्हतं. खोली बदलली, हात बदलला. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे: सवय आपण आपल्या स्वभावात शोधतो, पण तिचा बराचसा भाग घरात, वाटेवर, खुर्चीत आणि घड्याळात पडलेला असतो. ती बदलायची तर आधी तिथे हात घालावा.

वुड यांच्याच आधीच्या एका पाहणीत विद्यार्थ्यांना दर तासाला सूचना मिळायची आणि त्यांनी त्या वेळी काय चाललंय, मनात काय आहे ते टिपून ठेवायचं. सुमारे ४३ टक्के गोष्टी अशा निघाल्या ज्या ते जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी करत होते, आणि बहुतेक वेळा मन भलतीकडे असताना. दुसऱ्या एका अभ्यासात एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या मुलांकडे पाहिलं. व्यायाम, वर्तमानपत्र, टीव्ही या त्यांच्या सवयींपैकी नव्या गावातही तशीच जागा मिळालेल्या सवयी टिकल्या. जागा बदललेल्या ढिल्या पडल्या. बदली झाली, घर बदललं, मूल शाळेत जाऊ लागलं, निवृत्ती आली, की जुनी घडी आपोआप सैल होते. नवीन काही लावून घ्यायचं तर हे आठवडे सोन्यासारखे. आपण ते खोकी उघडण्यात घालवतो.

जागेचा जोर किती असावा, याचं एक टोकाचं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. १९७१ मध्ये तिथल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचा वापर इतका पसरला होता की हे हजारो तरुण परत आल्यावर काय होणार, या चिंतेने सरकार हादरलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंवर परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेण्याचं काम सोपवलं गेलं. तिकडे साधारण पाचातला एक सैनिक स्वतःला व्यसनी म्हणत होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात सापडले. रॉबिन्स यांच्यावर लोकांनी विश्वास ठेवला नाही, आकडे पुन्हा पुन्हा तपासले गेले. यावरून 'गाव बदला, व्यसन सुटेल' असा निष्कर्ष कुणी काढू नये. व्यसनात शरीर अडकलेलं असतं, तिथे डॉक्टर लागतो. शिवाय परत येताना तपासणी होती, हेरॉइन घरी सहज मिळत नव्हतं, त्यांच्यापुरतं युद्ध संपलं होतं, अशी कारणं अनेक. पण ज्या तंबूत, ज्या मित्रांत, ज्या भीतीत ते घेतलं जायचं, ते सगळंच मागे राहिलं होतं, हेही त्यातलं एक मोठं कारण.

एकवीस दिवस कुठून आले

'कुठलीही गोष्ट एकवीस दिवस करा, सवय लागते.' हे वाक्य योगवर्गापासून बँकेच्या ट्रेनिंगपर्यंत मी सगळीकडे ऐकलंय. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातो. नाकाची वा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याने आपल्या रुग्णांवरून १९६० च्या पुस्तकात लिहिलं. पुढे त्यातला 'निदान' हा शब्द गळला, चेहराही गळला आणि आकडा तेवढा उरला.

प्रत्यक्ष मोजणी झाली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक साधी गोष्ट निवडायला सांगितली. दुपारच्या जेवणासोबत फळ, न्याहारीनंतर ग्लासभर पाणी, रात्रीच्या जेवणाआधी थोडं पळणं, असं काही. ती रोज ठरल्या वेळी करायची आणि ती किती 'आपोआप' झाली हे बारा आठवडे नोंदवायचं. ज्यांच्या नोंदी नीट जुळल्या अशा ३९ जणांत मधला आकडा आला ६६ दिवस. पण खरी बातमी त्या ६६ मध्ये नाही. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. अभ्यास ८४ दिवसांचाच होता, म्हणजे हा वरचा आकडा रेषा पुढे वाढवून काढलेला आहे. पाणी पिणं लवकर बसतं, व्यायामाला बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे 'एकवीस दिवस झाले, अजून पहाटे उठवत नाही, मीच नालायक' असं ज्याला बाविसाव्या दिवशी वाटतं, त्याची एवढीच चूक की त्याला चुकीचा आकडा दिला गेला.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला आकड्यापेक्षा मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला तर घडणीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. विल्यम जेम्स हा थोर मानसशास्त्रज्ञ १८९० मध्ये याच्या उलट सांगून गेला होता. सवय मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका. काळजीपूर्वक गुंडाळलेला दोऱ्याचा गुंडा हातून पडावा तसं होतं, एकदा पडला की कितीतरी वेढे उलगडतात, असा त्याचा दृष्टांत. दृष्टांत सुंदर आहे. पण त्याने कित्येकांचे व्यायाम मोडले असतील. एक दिवस चुकला की 'गेलं, आता पुढच्या सोमवारपासून' म्हणायला तो कामी येतो.

आजीचा नेम

माझी आजी चातुर्मासात गोपद्मं काढायची. देवापुढे, रोज सकाळी, रांगोळीची ३३. आंघोळ झाली की ओलेत्या केसांना पंचा गुंडाळून पाटावर बसायची, रांगोळीचा डबा देवघराच्याच फळीवर. कुणी पाहुणे आले, गावाला जावं लागलं, राहिली, तर दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची मिळून ६६ काढायची. हळहळ नाही, पश्चात्ताप नाही. हिशेब पुरा.

सवयींवरचं संशोधन वाचताना मला सारखी ती आठवत होती. आपल्याकडे नेम धरताना 'मी चांगलं वागेन' असं कुणी म्हणत नाही. नेम बारीक असतो. आंघोळीनंतर, देवापुढे, ३३. किंवा जेवताना बोलणार नाही. किंवा वांगं खाणार नाही. कधी, कुठे, किती, सगळं आत बांधलेलं. त्याला सुरुवात आहे, आषाढी एकादशी. शेवट आहे, कार्तिकी. म्हणजे चार महिने, लॅलीबाईंच्या ६६ दिवसांच्या दुपटीला जवळ. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदा-वांग्याची यथेच्छ भजी खाऊन मग ते बंद करायचं, आणि कित्येक घरांत वांगं परत येतं ते थेट चंपाषष्ठीच्या भरितालाच. शेवटी उद्यापन. आजीने हे पुण्यासाठी केलं, स्वतःत सुधारणा करण्यासाठी नव्हे, आणि चार बायका त्याच वेळी तेच करत असायच्या हाही मोठा आधार. पण रचना बघा.

हीच रचना मानसशास्त्रात पीटर गोलवित्झर यांनी मांडली: 'अमुक झालं की मी तमुक करीन' असा नेमका बेत. साध्या इच्छेत आणि अशा बेतात फरक किती, याचं एक उदाहरण इंग्लंडमधलं, २००२ चं. २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट. एकाला फक्त नोंद ठेवायला सांगितली. दुसऱ्याला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो हे पटवून दिलं. तिसऱ्याला तेही पटवलं आणि वर एक वाक्य लिहून घेतलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यातल्या ३५ टक्क्यांनी, तिसऱ्यातल्या ९१ टक्क्यांनी. पटवून देण्याचा स्वतंत्र उपयोग काहीच झाला नाही. इतका ढळढळीत फरक प्रत्येक अभ्यासात येत नाही, हेही सांगायला हवं. पण दिशा तीच राहते.

माझं चालणं याच युक्तीवर टिकलं. 'रोज सकाळी चालायचं' हे माझ्या डायरीत सलग चार वर्षं लिहिलेलं आहे, दर पाडव्याला, नव्या पेनने. चाललं काहीच नाही. मग धाकट्याची स्कूलबस सुरू झाली. ७ वाजून १० मिनिटांनी त्याला कोपऱ्यावर सोडायचं. बस वळली की घराकडे न फिरता तशीच सरळ कॅनॉलच्या रस्त्याला लागायचं, एवढंच ठरवलं. पायात चपला आहेतच, बाहेर पडलेलीच आहे. आता बस वळल्याशिवाय मला चालायला जावंसं वाटत नाही, आणि ती वळली की पाय विचारत नाहीत. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि चालणं बंद पडलं, हे अर्थात ओघाने आलंच. गाठ बसला होती, माझ्या इच्छाशक्तीला नव्हती.

इच्छाशक्तीबद्दल दोनच वाक्यं. ती टाकीतल्या पाण्यासारखी वापरली की संपते, असा एक सिद्धांत १९९८ पासून फार गाजला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास निघाला. आणि जर्मनीत दोनशेवर माणसांना आठवडाभर दिवसातून अनेकदा 'आत्ता कसला मोह होतोय' असं विचारलं, तेव्हा संयमी म्हणवणारी माणसं मोहाशी जास्त झगडताना दिसली नाहीत. त्यांना झगडावंच कमी लागत होतं.

चार्जरचा प्रवास

मोबाइलची गोष्ट जरा लांबण लावून सांगते, कारण तिच्यात मी दोनदा पडले.

गजर मोबाइलमध्ये. मोबाइल उशाशी, चार्जिंगला. सकाळी साडेपाचला गजर बंद करायला तो हातात घ्यायचा, आणि हातात आला की सहा वाजून दहा. 'कमी बघायचा' हा निश्चय दोनदा करून झाला होता. शेवटी चार्जर उचलला आणि स्वयंपाकघरात मिक्सरशेजारच्या प्लगला लावला. गजराचं घड्याळ आणलं, सेलवरचं. त्याची टिकटिक इतकी मोठी की पहिल्या रात्री नवऱ्याने ते टॉवेलमध्ये गुंडाळलं. आठवडाभर गजर झाला की हात उशीखाली जायचा, बाथरूमच्या बटणासारखाच. मग थांबला. पंधरा दिवसांत मी सकाळी खिडकीत उभी राहून चहा पिऊ लागले आणि स्वतःवर फार खूश झाले.

महिन्याभराने एका सकाळी दूध उतू गेलं. दोन दिवसांनी पुन्हा. मी गॅससमोरच उभी होते. हातात मोबाइल होता. सवय उशाशी मेली नव्हती, चार्जरबरोबर ओट्यावर राहायला आली होती. दूध तापायला जे तीन-चार मिनिटं लागतात, ती मोकळी मिनिटं तिला तिथे सापडली. आता चार्जर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आहे, वाकून काढावा लागतो. ओट्यावर त्या मिनिटांसाठी निवडायची भाजी ठेवते. रिकामी जागा ठेवली की तिथे जुनंच कुणीतरी येऊन बसतं.

रिकामी जागा भरण्याची ही कल्पना जुनी आहे. नखं खाणं, केस उपटणं अशा सवयींसाठी नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये एक पद्धत मांडली, ती आजही वापरतात. पहिली पायरी म्हणजे काहीच थांबवायचं नाही, फक्त टिपायचं. कधी हात तोंडाशी जातो, कोण समोर असतं, आधी बोटाला काय जाणवतं. दुसरी पायरी, हात निघाला हे कळलं की मूठ आवळून थोडा वेळ तशीच ठेवायची. मूठ आवळलेल्या हाताने नख खाता येत नाही, बस. गंमत अशी की नुसत्या टिपण्यानेही कित्येकांचं प्रमाण उतरतं.

'जाणीवपूर्वक जगणं' हा शब्द मला एरवी जरा जड जातो. दिवसभर प्रत्येक श्वासावर, प्रत्येक घासावर लक्ष ठेवणं कुणाला जमणार? मेंदू गाठोडी बांधतो ते उगाच नाही. प्रत्येक वेळी नाडी कशी बांधायची याचा विचार करावा लागला तर ऑफिसला पोचायला दुपार होईल. पण त्या टिपण्याच्या पायरीपुरता मला तो शब्द कळतो. आणि आणखी एका ठिकाणी. गाठोड्यात नको त्या गोष्टीही बांधल्या जातात. आई रोज रात्री नऊला फोन करते. मी भांडी आवरता आवरता 'हं, हं, बरं' म्हणत असते. एकदा तिने मधेच विचारलं, 'मी काय सांगितलं आत्ता?' मला सांगता आलं नाही. तिने फोन ठेवला नाही, पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. शेजारच्या काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं होतं. तेव्हापासून तो फोन मी गॅलरीत उभी राहून घेते, हातात काही न घेता. पॉपकॉर्न दुसऱ्या हाताने खाण्यासारखंच आहे ते.

जुनी घडी पूर्ण जाते का? नाही, असंच दिसतं. ग्रेबिएल यांच्या उंदरांचा खाऊ बंद केला तेव्हा ती सुरुवात-शेवटाची नक्षी पुसट झाली. खाऊ परत सुरू करताच ती लगेच जशीच्या तशी उमटली. म्हणजे मिटली नव्हती, झाकली होती. थकवा, ताण, आजारपण यात ती वर येते. परवा मला ताप भरला होता. रात्री अडीचला उठले, अंधारात चाचपडत गेले, आणि बटण उजवीकडे जाऊन आता वर्ष होत आलं तरी हात सरळ डाव्या भिंतीवर, त्या डागावर जाऊन थांबला.